भिऊ नकोस, कुत्रं चावत नाही

या, बसा असे पंख्याच्या वाऱ्यात. पाय वर घ्या, चपला राहू द्या तिथंच. मेकाँगच्या काठची गोष्ट सांगतो, एका बाईला लपवून ठेवल्याची. ती कुठं लपलीय हे फुटलं कसं, ते मी शेवटाकडं सांगीन. तुम्ही आधी ओळखलंत तर गालातल्या गालात हसा, पण ओरडू नका. बाकीच्यांची मजा जाते.

१

मुकदाहान गावात, नदीपासून जरा आत, एक दुमजली घर आहे. दारात मोठा बहावा. एप्रिलमधी असा पिवळाधम्मक होतो की अख्खी गल्ली उजळते. म्हणून सगळे त्याला बहावाघरच म्हणायचे. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, ज्यांचं घरी कुणी करणारं नाही अशी माणसं तिथं ठेवायची.

तिथली मुख्य होती बुआलाई. साठीला टेकलेली, आवाज कढईवर झारा आपटल्यासारखा. मूळची दक्षिणेकडची, सोंखलाची. नवऱ्याच्या मागं इकडं आली, नवरा गेला, ही राहिली. मोठ्या मावशीला म्हणावं तसं सगळे तिला ‘पा’ म्हणायचे.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. बुआलाई पपईचं सलाड खात बसली होती. मिरचीनं नाक गळत होतं. तिनं तसाच फोन उचलला.

"बहावाघर का?" पुरुषाचा आवाज. अगदी शांत.

"हो. कोण बोलतंय?"

"जिना चढून वर, रांजणापासून उजवीकडं, बहावा दिसतो त्या खिडकीपाशी जी निजलीय ना, तिला निरोप द्या. म्हणावं, लाम्दुआन, तुझा नवरा येतोय. पाणी घालायला."

बुआलाईच्या तोंडातला घास तोंडात राहिला. तरी ती म्हणाली, "या नावाचं इथं कुणी नाही."

तो हसला. "आणि तुमचं कुत्रं चावत नाही म्हणे. बरं झालं. मी कुत्र्याला फार भितो हो."

फोन बंद.

आता ही लाम्दुआन कोण, ते ऐका. बुनसोंग नावाच्या होडीवाल्याची बायको. महिन्याभरापूर्वी त्यानं तिला आपल्या गावच्या नदीच्या धक्क्यावरून खाली ढकललं. खाली दगड. कंबरेचं हाड मोडलं. ती मेली असं समजून तो घरी जाऊन जेवला म्हणतात. कोळ्यांनी तिला उचललं. सरकारी बाईनं गुपचूप बहावाघरात आणून ठेवलं. तिथं तिचं नाव ‘नोई’. कागद पोलादी कपाटात, कुलपात. भाऊ दूर रायोंगला कामाला होता. तो येऊन नेईपर्यंत तिला सांभाळायचं, एवढंच काम होतं. फौजदाराकडं तक्रार होती, पण बुनसोंग नदीवरचा माणूस. आज या काठाला, उद्या त्या काठाला. हाताला लागत नव्हता.

आणि ‘पाणी घालायला’ म्हणजे? गुरुवारी सोंगक्रान होता, नव्या वर्षाचा सण. त्या दिवशी बहावाघराचं फाटक सताड उघडं. गावातली माणसं सुगंधी पाणी घेऊन येणार, म्हाताऱ्यांच्या हातांवर घालणार, आशीर्वाद घेणार. प्रत्येकाच्या तोंडाला पांढरी पूड फासलेली. त्या गर्दीत पोटचा पोरगा आईला ओळखू येत नाही. मग खुनी कसा ओळखू येणार?

बुआलाई धावत जिना चढली. रांजण ओलांडला, उजवीकडं वळली.

खिडकीपाशी खाट रिकामी होती.

२

तिथंच भिंतीला धरून ती खाली बसली. आणि मग तिचं तिलाच आठवलं. अहो, रविवारीच तर हलवली होती! खिडकीतनं ऊन फार यायचं म्हणून नोईला मागच्या चादरींच्या खोलीत ठेवली होती. गादीचं एक टोक पहारेकऱ्यानं धरलं, दुसरं नर्सनं, आणि बुआलाई उशा घेऊन मागनं. भीतीनं माणूस आपल्या हातानं केलेलं विसरतो.

मागच्या खोलीत नोई होती. डोळे दाराकडं. महिनाभर ती अशीच. बोलायची नाही, जेवायची नाही, चमच्यानं पेज घातली तर ओठांतनं खाली. हाड जुळत होतं, पण बाई जुळत नव्हती.

तिच्यापाशी नर्स ओराथाय बसली होती. तरणी, चटपटीत पोरगी, याच भागातली. हातातला फोन म्हणजे तिचं सहावं बोट.

बुआलाईनं तिला बाहेर घेऊन धमकीच्या फोनचं सांगितलं. "ओराथाय, ही इथं आहे हे तू कुणाला बोललीस?"

"पा!"

"पा-पा करू नकोस. तुझा होणारा नवरा नदीकाठच्या त्याच गावचा ना?"

पोरीचा चेहरा पांढरा पडला. तिनं फोन बुआलाईच्या हातात कोंबला. "घ्या. सगळं वाचा. त्याला मी काय लिहिते तेही वाचा, मग तुम्हालाच लाज वाटेल. मला तर नोईचं खरं नावसुद्धा ठाऊक नाही. कुठं पडली तेही नाही. तुम्हीच नियम केलेत ना, ज्याला जेवढं लागतं तेवढंच सांगायचं?"

ते खरं होतं. नियम कडक होते, आणि ते बसवले होते डॉक्टर विसुतनी. ते दर शनिवारी यायचे. कोणत्या आजीचं अंथरूण ओलं होतं हे तिथं कामाला असलेल्या एकीनं बाजारात हसत सांगितलं, तर डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. ‘रोग्याची गोष्ट तिसऱ्या कानाला जायची नाही’ असं ते प्रत्येकाकडनं हात जोडून म्हणवून घ्यायचे. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक बुआलाईकडं, एक त्यांच्याकडं.

"मग त्या पोलक्याचं काय झालं?" बुआलाईनं विचारलं.

पोलक्याचं असं झालं होतं. नोईच्या अंगावर आणताना जे जांभळं पोलकं होतं, ते धुऊन तिच्या उशाशी ठेवलेलं असायचं. तिचं स्वतःचं म्हणून तेवढंच. रविवारी गादी हलवताना ते दिसलं नाही. सगळं घर पालथं घातलं.

"तेच सांगणार होते," ओराथाय म्हणाली, आणि तिचा आवाज खाली गेला. "सापडलं. आज सकाळी. तिच्या उशीखाली. नीट घडी करून."

"कुणी ठेवलं?"

"मला काय ठाऊक? पण पा, ते मी धुतलेलं नाही राहिलं. वास घ्या."

बुआलाईनं पोलकं नाकाशी नेलं. धुराचा वास. नदीच्या गाळाचा वास. कड अजून दमट. खिशात बोट घातलं तर चिकट भाताचा एक गोळा लागला. बोटानं दाबला, तर मऊ.

म्हणजे कुणीतरी ते नदीवर नेलं होतं. कशाला? ‘बघ, बाई माझ्या हाताशी आहे, हे तिचं पोलकं’ असं दाखवायला? आणि मग तोच माणूस आत येऊन, या झोपलेल्या बाईचं डोकं उचलून, उशीखाली हात घालून गेला?

"आणि अजून एक," ओराथाय म्हणाली. "काल रात्री ती जेवली. वाटीभर. स्वतःच्या हातानं."

३

फाटकावर पहाऱ्याला लुंग तेम. लुंग म्हणजे काका. सत्तरीचा, दात मोजके, लॉटरीचा नाद, आणि पायाशी काळं कुत्रं, दाम. दामला दात लुंगपेक्षाही कमी.

"लुंग, खरं सांगा. कुणी दारू पाजून तुमच्याकडनं काय काढून घेतलं का?"

"पा, मला दारू पाजणारा अजून जन्मायचाय. मीच विकत घेतो, मीच पितो, आणि पिऊन फक्त मेलेल्या बायकोशी बोलतो. तिला वरच्या बाईत काय रस?"

"चेष्टा नको. कुणीतरी आत येऊन गेलंय. काल संध्याकाळी फाटकातनं कोण आलं?"

लुंगनं कान खाजवला. "बर्फवाला आला, तो स्वयंपाकघरापर्यंत. वरच्या आजोबांची सून आली, ती रडली आणि गेली. आणि डॉक्टर."

"डॉक्टर? सोमवारी?"

"छत्री राहिली म्हणाले वर. म्हटलं असेल. पण पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि गाडीच्या मागच्या सीटवर बांबूच्या दांड्याची मासे उपसायची जाळी! मी म्हटलं, काय डॉक्टर, सुया टोचायचं सोडून मासे धरायला लागला का? तर म्हणे, धरायला गेलो होतो लुंग, हाताला लागलं का नाही कुणास ठाऊक. चेहरा असा, जसं काय रडून आलेत."

"छत्री घेऊन गेले?"

लुंगनं फाटकाकडं पाहिलं. "नाही की. हात मोकळेच होते."

चिखल. जाळी. खोटी छत्री. आणि खरं नाव, पडण्याची जागा, सगळं ठाऊक असलेली माणसं या घरात दोनच. एक ती. दुसरे हे.

ती खुर्चीवर बसली. बारा वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर विसंबून तिनं माणसं मरणाच्या दारातनं परत आणली, तो माणूस? आणि कशासाठी? आता हिला हलवावी तर डॉक्टरला सांगितल्याशिवाय कशी हलवणार? मोडक्या कंबरेची बाई. आणि ज्याला सांगायचं तोच जर फुटका असला, तर नवी जागा म्हणजे दुसरी चिता.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं तो वाजू दिला, मग घाबरत उचलला.

"पा, मी विसुत. ओराथायनं आत्ताच सांगितलं. ऐका माझं," डॉक्टर घाईघाईनं बोलत होते. "कुणालाही काही बोलू नका. मी गाडी घेऊन येतो. तिला माझ्या घरी नेतो."

४

"नको," बुआलाई म्हणाली. "ती तापानं फणफणलीय. उद्या बोलू." आयुष्यात ती डॉक्टरशी पहिल्यांदा खोटं बोलली.

मग ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. डोकं शांत व्हायला तिला पायरीच लागायची. फोनवरचे शब्द तिनं एकेक करून आठवले, तांदळातले खडे निवडावेत तसे.

जिना चढून वर. रांजणापासून उजवीकडं. खिडकीपाशी, बहावा दिसतो तिथं. कुत्रं चावत नाही.

आता मला सांगा, तुम्ही असल्या माणसाला घरातली बातमी विकायला निघालात, तर काय सांगाल? मागच्या दाराची कडी मोडलीय, हे सांगाल. लुंग जेवायला किती वाजता जातो, ते सांगाल. बाईचं इथलं नाव नोई आहे, हे तर पहिलं सांगाल. यातलं एक अक्षर बुनसोंगला ठाऊक नव्हतं. असतं तर त्यानं ते फोनवर चघळून चघळून सांगितलं असतं. तशा माणसाला भीती घालण्यातच गोडी.

त्याला ठाऊक काय होतं? रांजण. पिवळं झाड. आणि गरीब कुत्रं.

"लुंग!" तिनं हाक मारली. "भिऊ नकोस, कुत्रं चावत नाही, असं तुम्ही कुणाला सांगता?"

"पहिल्यांदा आलेल्याला. भित्र्याला. काल त्या सुनेला सांगितलं."

"मारायला निघालेल्याला सांगाल?"

"त्याला कशाला सांगू? त्याला म्हणेन, भारी चावरं आहे."

बुआलाई उठली. ही माहिती विकलेली नव्हती. ही वाट सांगितलेली होती. मायेनं, बोट धरून, एखाद्या घाबरलेल्या, वाट चुकलेल्या जीवाला सांगावी तशी. आणि बुनसोंगनं ती नुसती ऐकली होती.

पण कुणाला सांगितली? आणि कधी सांगितली, रविवारच्या आधी की नंतर? तिनं पोलक्याच्या खिशातला भात आठवला. या उन्हाळ्यात चिकट भात दुसऱ्या दिवशी मऊ राहिलेला कुणी पाहिलाय? फार तर एक रात्र, तीही दमट कापडात. म्हणजे पोलकं नदीवर गेलं होतं ते सोमवारी. आणि सोमवारी जो कुणी वाट सांगत होता, त्याला रविवारी खाट बदलल्याचा पत्ता नव्हता. लुंगनं गादी उचलली होती. ओराथायनं उचलली होती. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त शनिवारी येऊन गेलेल्याला.

डॉक्टरच. पण चोर चोरलेलं पोलकं परत का आणेल? घडी घालून उशीखाली का ठेवेल?

ती वर गेली. ओराथाय नोईला पेज भरवत होती. भरवत म्हणजे, वाटी धरून बसली होती. नोई आपल्या हातानं खात होती.

"पोरी, मी दक्षिणेची. तुमच्याकडच्या काही गोष्टी मला अजून कळत नाहीत," बुआलाई दाराशी उभी राहून म्हणाली. "माणूस भयंकर दचकून पडला, आणि मग खाईना, बोलेना, औषध लागेना, तर तुमच्याकडं काय करतात?"

"जीव उडालेला असतो त्याचा, पा. ख्वान म्हणतो आम्ही. माणूस घरी येतो, पण ख्वान जिथं पडला तिथंच घुटमळत राहतो." आपल्यात नाही का म्हणत, जीव थाऱ्यावर नाही? तसंच, फक्त ही माणसं त्याला आणायला जातात. "मग कुणीतरी त्या जागी जायचं. त्याच्या अंगावरचा कपडा घ्यायचा. भात, अंडं, उदबत्ती. आणि मासे उपसायच्या जाळीनं त्याचा जीव उपसून कपड्यात—"

ओराथायच्या हातातली वाटी थांबली. पोलक्याकडं बघून तिचे डोळे मोठे झाले.

"बोल," बुआलाई म्हणाली. "आणि काय करायचं?"

"हाका मारायच्या. खऱ्या नावानं, मोठ्यानं. दुसऱ्या नावाला तो येत नाही. आणि वाट सांगायची, नाहीतर चुकतो. ये ग, अशी वर ये, इकडं वळ, इथं तुझी खाट आहे—"

"आणि भिऊ नकोस," बुआलाई म्हणाली. "कुत्रं चावत नाही."

५

बुधवारी सकाळी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. दार लावून घेतलं. पोलकं मेजावर ठेवलं.

डॉक्टरनी चष्मा काढला. बँकॉकला शिकलेला माणूस, भिंतीवर सोनेरी चौकटीतली कागदं. पण त्या घडीला तो नदीकाठच्या कुठल्याशा आजीचा नातू दिसत होता.

"शनिवारी नेलंत," बुआलाई म्हणाली.

"शनिवारी."

"का?"

"मरत होती ती, पा. सगळ्या तपासण्या ठीक, आणि बाई मरत होती. माझ्याकडं द्यायला काही उरलं नव्हतं. लहानपणी मी झाडावरनं पडलो तेव्हा माझ्या आजीनं..." त्यांनी पोलक्याची घडी सारखी केली. "मला हसाल म्हणून सांगितलं नाही. सोमवारी दुपारी गेलो, कुणी नसतं म्हणून. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. खाली एक होडी बांधलेली होती, वर ताडपत्री. रिकामी वाटली."

"रिकामी नव्हती."

खिडकीबाहेर कुणीतरी सणाच्या आदल्या दिवशीच ढोल बडवायला लागलं होतं.

"डॉक्टर, नियम तुम्ही केलात. तिसऱ्या कानाला गोष्ट जायची नाही. त्या गरीब बाईला आजीच्या अंथरुणाच्या गोष्टीवरनं घरी पाठवलंत. आणि तुम्ही अख्ख्या नदीला ओरडून पत्ता सांगितलात!"

"मी माणसाला सांगितलाच नव्हता, पा," ते हळूच म्हणाले. "मी तिला सांगत होतो. तिचीच गोष्ट, तिलाच."

बुआलाईच्या जिभेवर आलेल्या शिव्या तिनं गिळल्या. माणूस गुपित सांभाळताना माणसांपासून सांभाळतो. वाऱ्यापुढं, नदीपुढं, मेलेल्यांपुढं तोंड उघडताना त्याला वाटतं, इथं कोण ऐकतंय? आणि ऐकणारा ताडपत्रीखाली पडलेला असतो.

"मला काय शिक्षा करायची ती करा," डॉक्टर म्हणाले. "मी जिल्ह्याच्या कचेरीला स्वतःच कळवतोय. पण आधी तिला वाचवू."

"शिक्षा नंतर. एक सांगा, खाट कोणती सांगितलीत?"

"खिडकीची. सोमवारी संध्याकाळी पोलकं घेऊन आलो, तेव्हा कळलं हलवलीय ते."

"मग त्याला अजून तीच ठाऊक आहे," बुआलाई म्हणाली. आता काय करायचं ते तिला दिसलं होतं. "त्याला सांगितलेली वाट आपण तशीच ठेवायची."

६

गुरुवारी उजाडल्यावर गावात पाण्याचा नुसता धिंगाणा. पिकअप गाड्यांवर पिंपं, पिंपांत बर्फ, पोरं, बाया, म्हातारे, सगळे चिंब आणि पांढरे. त्याच रगाड्यात डॉक्टरांची गाडी बहावाघरातनं निघाली. मागं एक बाई निजलेली, तोंडाला पूड, डोक्याला फुलांची माळ. कुणीतरी तिच्यावर पाणी उडवलं, आणि ती दचकली, पण डोळे मिटले नाहीत.

डॉक्टरवर बुआलाईनं विश्वास टाकला, कारण दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण तिनं त्यांना पेट्रोलपंपापर्यंतचंच सांगितलं होतं. तिथं रायोंगहून बोलावून घेतलेला भाऊ उभा होता. तो पुढं कुठं नेणार, ते डॉक्टरला ठाऊक नव्हतं. बुआलाईलाही नव्हतं. तिनंच त्याला बजावलं होतं, मलासुद्धा सांगू नकोस.

मग बुआलाई वर गेली. खिडकीपाशी खाटेवर आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरनं चादर. दाराआड फौजदार आणि त्याचा एक शिपाई, तेही पूड फासलेले.

खाली फाटक उघडलं. हसणं, ढोल, पाण्याचे फवारे. म्हाताऱ्यांच्या हातांवर पाणी पडत होतं, आशीर्वाद पुटपुटले जात होते. चादरीखाली बुआलाईला स्वतःचा श्वास भट्टीसारखा लागत होता. बहाव्याची सावली चादरीवर हलली की तिला वाटायचं, आला.

मग खाली दामची शेपटी जमिनीवर आपटायला लागली. भुंकला नाही. कुणाला तरी बघून खूश झाला होता मेला.

जिन्यावर पावलं. सावकाश. वरच्या पायरीवर थांबली. रांजणाचं झाकण वाजलं. तो पाणी प्यायला! घटाघटा प्यायल्याचा आवाज तिला ऐकू आला, आणि तिला वाटलं आपण आता ओरडणार. ओठ दातांत धरले.

पावलं उजवीकडं वळली. आजूबाजूच्या खाटांवरच्या कुणाच्याच हातावर त्यानं पाणी घातलं नाही.

"लाम्दुआन," अगदी कानापाशी आवाज आला. मऊ. "बघ, मी तुझ्यासाठी मोगऱ्याचं पाणी आणलंय."

चादर ओढली गेली.

त्याच्या हातात पितळी वाटी होती, पाण्यावर मोगरा तरंगत होता, आणि मोगऱ्याखाली सुरी. साठीची बुआलाई त्याच्याकडं टकटक बघत होती. क्षणभर त्याला काही समजेना. तेवढा क्षण फौजदाराला पुरला. वाटी खाली पडली, फुलं सगळ्या फरशीवर. लुंग तेम जिन्यावरनं काठी घेऊन धापा टाकत आला तोवर सगळं उरकलं होतं. तरी त्यानं एक काठी घातलीच.

"ती कुठंय?" बुनसोंग ओरडत होता. "कुठं ठेवलीत तिला?"

"मला ठाऊक नाही," बुआलाई म्हणाली. आणि उभ्या आयुष्यात खरं बोलताना तिला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांना जिल्ह्यानं वर्षभर घरी बसवलं. वर्ष संपलं तसे ते परत बहावाघरात आले, आणि बुआलाईनं त्यांना एक शब्द न बोलता चहा दिला. चूक होती का? होती. पण लाम्दुआन जेवायला लागली ती त्याच सोमवारी, हेही खरं. त्यांनी धक्क्यावर उभं राहून एक हाक मारली, आणि दोघांनी ऐकली. एक तिचा जीव, एक तिचा काळ. दोघंही त्याच वाटेनं निघाले. जीव आधी पोचला, एवढंच नशीब.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. ही गोष्ट तुम्ही पुढं सांगणार, मला ठाऊक आहे, जीभ कुणाला आवरत नाही. खुशाल सांगा. पण गाव बदला. झाड बदला. बाईचं नाव दुसरं ठेवा, भाऊ रायोंगचा म्हणू नका. मी पण बदललंच आहे की. कारण बुनसोंगची शिक्षा कधीतरी संपणार, आणि ताडपत्रीखाली कोण पडलंय, ते आपल्याला दिसत नाही.